डोंगरवाट आणि जुनी मोटारसायकल

लातूर व नांदेड हे जिल्हे म्हटले कीं बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें सपाट काळें रान उभें राहतें. मांजरा व गोदावरी यांच्या कांठचा प्रदेश तसा आहेही. परंतु ज्याची जमीन अहमदपूर, जळकोट, कंधार, लोहा किंवा मुखेड या तालुक्यांतील माळावर आहे, त्याला बालाघाटाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. ही रांग फार उंच नाहीं; लातूर जिल्ह्याचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ५४० ते ६३८ मीटर उंचीवर आहे. पण जेथें ओढ्यानाल्यांनीं पठाराचा कांठ कापला आहे, तेथें वाटा उभ्या चढाच्या आहेत. उत्तरेस किनवट व माहूर या तालुक्यांत तर डोंगर आणि सागवानाचें रान यांतूनच शेताची वाट जाते. मोठ्या रस्त्यांवर डांबर आलें. माहूरच्या डोंगरावरही आतां डांबरी रस्त्यानें जातां येतें. तथापि गांवापासून शेतापर्यंतचा, किंवा तांड्यापासून सडकेपर्यंतचा शेवटचा कोस-दीड कोस पुष्कळ ठिकाणीं अजून मुरुमाचा नाहीं तर मातीचाच आहे.

या वाटेवर पूर्वीं बैलगाडी चाले. आज बहुतेक शेतकऱ्यांच्या दारांत मोटारसायकल उभी असते. घरीं दोन असल्या तर नवी तालुक्याच्या गांवीं, कॉलेजांत किंवा बाजारांत जाते, आणि पंधरा-वीस वर्षें वापरलेली जुनी शेताच्या वाटणीस येते. म्हणजे सर्वांत अवघड वाट आणि सर्वांत थकलेलें यंत्र यांची रोज गांठ पडते. दूध, खत, बियाणें, फवारणीचा पंप, भाकरीचा डबा आणि पुष्कळ वेळां घरचीं माणसेंही याच यंत्रावरून जातात. तेव्हां हें यंत्र अशा वाटेवर कसें चढवावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे कसें उतरवावें, हा विषय आमच्या मतें नांगराच्या किंवा पंपाच्या विषयाइतकाच शेतीचा आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों. बैल अडतो. ओझें झेपेनासें झालें किंवा पायाखालची जमीन निसटूं लागली तर तो थांबतो, मान खालीं घालून वाट हुंगतो, आणि धन्यानें कितीही हांक दिली तरी नको तेथें पाऊल टाकीत नाहीं. बैलाच्या या शहाणपणामुळें कित्येक गाडीवान वांचले आहेत. यंत्र अडत नाहीं. मूठ पिळली कीं तें पुढें जातें, मग पुढें वळण असो कीं दरड. बैलाच्या अंगीं असलेली ही सावधगिरी यंत्रावर बसणारानें आपल्या अंगीं आणली पाहिजे. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीचाच विस्तार आहेत.

यंत्राची जात

देवणी व लालकंधारी या आमच्याच मुलखांतील जाती पाळणारास जात ओळखण्याचें महत्त्व सांगावयास नको. मोटारसायकलींतही जाती आहेत. पोलंडमधील एका यंत्राच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्स कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत काढलेली राजदूत ही सुमारें पावणेदोनशें सी.सी.ची होती; दूधवाल्यांची ती अनेक वर्षें आवडती होती. म्हैसूर येथें तयार होणारी येझदी १९९६ सालीं बंद पडली, पण तिच्या जुन्या कुडी अजून कोठें कोठें फिरतात. या दोन्ही दोन-फेरी, म्हणजे टू-स्ट्रोक जातीच्या होत. यांत पेट्रोलांत मिसळलेलें तेलच पिस्टनाला वंगण पुरवितें. दुसरी जात चार-फेरीची. मद्रास येथें १९५५ सालापासून तयार होऊं लागलेली बुलेट हिच्यापैकींच. आणि १९८५ सालीं आलेली हीरो होंडा सी.डी. १०० व १९९४ सालीं आलेली स्प्लेंडर याही हिच्यापैकींच. यांचें तेल इंजिनाच्या पोटांत वेगळें असतें. शेताच्या वाटणीस आलेलीं बहुतेक यंत्रें आज या शेवटच्या शंभर सी.सी.च्या प्रकारचीं आहेत.

हा भेद केवळ माहितीचा नव्हे. टू-स्ट्रोक यंत्रांत तेल घालण्यास विसरलें तर चढ संपण्यापूर्वींच पिस्टन आवळतो. जुन्या यंत्रास साधारणपणें लिटरमागें ४० ते ५० मिलिलिटर तेल लागतें. नेमका आंकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तकांत पाहावा. जुन्या बुलेटमध्यें आणखी एक सापळा आहे. तिचा गिअर उजव्या पायाखालीं व मागचा ब्रेक डाव्या पायाखालीं असतो. इतर यंत्रांत नेमकें उलट. रोज दुसरें यंत्र चालविणारा मनुष्य शेजाऱ्याची जुनी बुलेट मागून घेऊन उतारावर गेला, तर घाबरल्या क्षणीं त्याचा पाय ब्रेक समजून गिअरावर पडतो. म्हणून परकें यंत्र आधीं सपाटीवर अर्धा तास फिरवावें, आणि मगच डोंगर पाहावा.

घरून निघण्यापूर्वीं

चढ चढणें हें अर्धें घरच्या अंगणांतच घडतें. पहिली तपासणी ब्रेकांची. मागच्या ब्रेकाच्या सळईवरील नट पुरता आवळूनही चाक धरत नसेल, तर आंतल्या पट्ट्या झिजल्या असें समजावें. त्या बदलल्याखेरीज डोंगराकडे तोंड करूं नये. क्लचच्या दांडीस थोडी ढील असावी. मुळींच नसली तर क्लच नेहमीं अर्धवट सुटलेला राहून चढावर जळतो. साखळीस मध्यभागीं दोन-तीन सेंटिमीटर झोल असावा. ताठ साखळी खड्ड्यांत तुटते व फार सैल साखळी दांत्यांवरून उतरते. ती उतरून चाकांत अडकली तर यंत्र जागच्या जागीं खिळतें.

चाकाच्या तारा एकेक करून पान्यानें हलकेंच वाजवाव्या. मडकें विकत घेतांना आपण जसें वाजवून पाहतों तसेंच हें आहे. खणखणीत नाद देणारी तार घट्ट, बद्द वाजणारी सैल. टायरांतील हवा पुस्तकांत दिल्याप्रमाणें ठेवावी. शंभर सी.सी.च्या यंत्रास एकट्या माणसासाठीं पुढें सुमारें २५ व मागें सुमारें २८ पौंड ही सर्वसाधारण हवा होय. मोकळ्या मुरुमावर टायराची पकड वाढावी म्हणून दोन-तीन पौंड कमी करण्यास हरकत नाहीं. पण आमच्या वाटांवर काळ्या पाषाणाच्या धारदार चिपा असतात. हवा याहून कमी केली तर टायर दबून ट्यूब दगड व रिम यांच्यामध्यें चिरडते. डांबरी सडकेवर परत येतांच हवा पूर्ववत् भरून घ्यावी.

चढावर यंत्र दमलें कीं पुष्कळ लोक "उंचीमुळें हवा लागत नाहीं" असें म्हणतात. लडाखांत खारदुंग ला या ५,३०० मीटरांहून उंच असलेल्या खिंडींत हवा खरोखरच विरळ असते व इंजिनाची शक्ति पुष्कळ घटते. पण सहाशें मीटरांच्या बालाघाटांत तें कारण संभवत नाहीं. येथें यंत्र दमलें तर दोष यंत्रांतच आहे. बहुधा हवेची गाळणी धुळीनें बुजलेली असते, प्लग काजळलेला असतो, किंवा टू-स्ट्रोक यंत्राच्या सायलेन्सरांत काजळीचे थर बसलेले असतात. हंगामांत गाळणी आठवड्यांतून एकदां साफ करावी.

पेट्रोलाविषयींही दोन शब्द. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं सुमारें २० टक्क्यांवर पोचलें. हें इथेनॉल उसाची मळी व रस, तसेंच मका, तांदूळ यांपासून होतें. तेव्हां ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यानें त्याला नांवें ठेवावीं असें नाहीं. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व वायसर त्यानें फुगतात किंवा ठिसूळ होतात. पावसाळ्यांत महिनाभर उभ्या ठेवलेल्या यंत्राच्या टाकींत पाणी खालीं बसूं शकतें. असें यंत्र सपाटीवर सुरू होतें, आणि चढावर टाकी तिरपी होतांच नेमकें तें पाणी नळींत येऊन बंद पडतें. म्हणून जुन्या नळ्या बदलाव्या, आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलें पाणी मधून मधून काढून टाकावें.

बरोबर प्लगचा पाना, एक जादा प्लग, पक्कड, बांधणीची तार, क्लचची एक वायर, पंक्चरचें सामान व हातपंप एवढें असावें. याचें वजन भाकरीच्या डब्याहून थोडेंच अधिक होतें.

ओझें किती व कोठें

मोटारसायकल ११० किलो, स्वार ६५ किलो व युरियाची एक गोणी ४५ किलो, मिळून २२० किलो झाले. दहा हात चालून एक हात उंची गांठणाऱ्या चढावर हें ओझें यंत्राला सुमारें २२ किलोच्या जोरानें मागें ओढतें. सहा हातांत एक हात चढणाऱ्या वाटेवर हीच ओढ सुमारें ३६ किलो होते. खड्डे व मोकळे दगड यांचा अडथळा निराळाच. हा हिशेब ज्यानें एकदां मनांत केला, तो उभ्या चढावर दोन गोण्या लादणार नाहीं.

ओझें किती याइतकेंच तें कोठें हेंही महत्त्वाचें. मागच्या कॅरिअरवर, म्हणजे मागील आंसाच्याही मागें बांधलेली गोणी चढावर पुढचें चाक हलकें करते. तें उचललें गेलें कीं हँडल फिरवूनही दिशा बदलत नाहीं. टाकीवर गोणी ठेवण्याचीही चाल आहे. तीमुळें पुढचें चाक जमिनीस धरून राहतें, पण वळणावर हँडल गोणीस अडकतें व गुडघ्यांनीं टाकी धरतां येत नाहीं. उत्तम रीत ही कीं ओझें दोन सारख्या भागांत वांटून बैठकीच्या दोन्ही अंगांस, शक्य तितकें खालीं व पुढें, घट्ट बांधावें. दुधाचे कॅन अर्धे भरलेले नेऊं नयेत. आंतलें दूध हिंदकळून वळणावर तोल नेतें. दोनांपेक्षां अधिक गोण्यांचें काम बैलगाडीचें किंवा ट्रॅक्टरचें समजावें.

मागें घरची बाई बसणार असेल तर अधिक जपावें. एका अंगास दोन्ही पाय सोडून बसल्यानें तोल एकीकडे जातो, आणि लुगड्याचा पदर चाकांत जाण्याचें भय असतें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें मागच्या चाकावर कपडे अडकूं नयेत अशी जाळी असलीच पाहिजे. जुन्या यंत्राची ती जाळी मोडली कीं पुष्कळ लोक ती काढून टाकतात. तसें करूं नये. आणि उभा चढ आला कीं मागच्या माणसानें उतरून चालावें. यांत कोणाचाही कमीपणा नाहीं. बैलगाडीच्या काळीं घाट आला कीं सर्व मंडळी उतरत, व त्याला कोणी हंसत नसे. डोक्यास शिरस्त्राण दोघांच्याही असावें. कायदाही तेंच सांगतो, आणि मुरुमावरचा दगड हा सडकेवरच्या दगडाहून मऊ नसतो.

वाट वाचणें

चढाच्या तळाशीं थांबावें. यंत्र बंद करून, शक्य असल्यास थोडें पायीं वर जाऊन वाट पाहावी. दोन चाकोऱ्या व मध्यें उंचवटा अशी गाडीवाटेची ठेवण असते. ट्रॅक्टरनें पाडलेल्या खोल चाकोरींत पुढचें चाक गेलें तर तें हिसका देऊन बाहेर काढूं नये; चाकोरी उथळ होईल तेथवर तींतूनच जावें. चाकोरी घोट्याच्या वर खोल असेल तर मधल्या उंचवट्यावरून जाणें बरें, पण गवताखालीं दगड लपलेला असतो हें ध्यानांत ठेवावें. चढ कोठें सुरू होतो, कोठें सर्वांत उभा आहे आणि मध्यें विसाव्यास सपाट जागा कोठें आहे, या तीन गोष्टी मनांत बसल्या म्हणजे वाट वाचली असें समजावें.

वरून कोणी येत असेल तर त्यास आधीं उतरूं द्यावें. एका चाकोरीवर दोन यंत्रें समोरासमोर आलीं कीं दोन्हीं थांबतात, आणि चढणारास पुन्हां निघणें जड जातें.

चढण

गिअर चढाच्या पायथ्याशींच पाडावा. चढाच्या मध्यावर दुसऱ्याचा पहिला करूं गेल्यास त्या अर्ध्या क्षणांत यंत्राचा वेग मरतो. उभ्या चढास पहिला, मध्यम चढास दुसरा; आणि एकदां धरलेला गिअर माथा येईतों बदलूं नये. मूठ एकसारखी धरावी. एकदम पिळली तर मागचें चाक जागीं फिरून मुरूम उडवितें व खड्डा करतें. एकदम सोडली तर यंत्र धापा टाकून मरतें.

शरीर थोडें पुढें झुकवावें, गुडघ्यांनीं टाकी धरावी, कोपर सैल ठेवावे. दगडावरून चाक जातांना बैठकीवरून किंचित् उठावें, म्हणजे धक्का पाठीच्या कण्यास न बसतां पाय सोसतात. दृष्टि चाकापुढील दगडावर न ठेवतां सात-आठ हात पुढें ठेवावी. ज्या दगडाकडे टक लावून पाहावें त्यावरच चाक जातें, असा सर्वांचाच अनुभव आहे.

क्लच अर्धा दाबून चढ काढण्याची खोड अनेकांस असते. त्यानें यंत्र क्षणभर हलकें वाटतें, पण क्लचच्या पट्ट्या जळतात; करपट वास येऊं लागला म्हणजे नुकसान होऊन चुकलें असें समजावें. ज्यांना असा चढ रोजचाच आहे त्यांनीं मिस्त्रीकडून पुढचें दांतचक्र एका दांत्यानें लहान बसवून घ्यावें. चौदा दांत्यांच्या जागीं तेरा घातल्यास ओढ सुमारें साडेसात टक्क्यांनीं वाढते. सडकेवरचा वेग त्याच मानानें घटतो, पण शेताच्या यंत्रास वेग कशाला हवा?

हीं सर्व यंत्रें वाऱ्यानें थंड होणारीं आहेत. चढावर वेग थोडा व कष्ट अधिक, म्हणून इंजिन तापतें. त्याच्या पंखांत बसलेला चिखल वेळोवेळीं खरडून काढावा, आणि लांब चढ असेल तर सपाट जागीं यंत्र बंद करून दहा मिनिटें विसावा द्यावा. तापलेल्या इंजिनावर पाणी कधींही ओतूं नये, धातु तडकतो.

मध्येंच यंत्र बंद पडल्यास

खरे अपघात येथेंच होतात. यंत्र मेलें कीं मनुष्य संवयीनें क्लच दाबतो, आणि मागें घरंगळूं लागतो. असें करूं नये. क्लच सोडलेला ठेवून यंत्र गिअरांतच राहूं द्यावें. बंद इंजिनच मागचें चाक धरून ठेवतें. त्याच वेळीं पुढचा ब्रेक दाबावा. नंतर डोंगराच्या अंगास पाय टेकून त्याच अंगास उतरावें. दरीच्या अंगास कधींही उतरूं नये. यंत्र कललें तर तें माणसावर येतें.

पुन्हां निघणें शक्य दिसलें तर मागचा ब्रेक पायानें धरून यंत्र चालू करावें, क्लच हळूहळू सोडावा, आणि यंत्र पुढें ओढूं लागल्याचें जाणवतांच ब्रेक सोडावा. शक्य नसेल तर हट्ट धरूं नये. यंत्र बंद व पहिल्या गिअरांत ठेवून, क्लच थोडा थोडा दाबून व सोडून, तें इंचाइंचानें मागें सरकवीत आडवें करावें; मग तोंड खालीं वळवून उतरावें. यांत क्लच हाच ब्रेकाचें काम करतो. आणि यंत्र आवरतच नसेल तर तें डोंगराच्या अंगास पडूं द्यावें व आपण दूर व्हावें. वांकलेली दांडी मिस्त्री सरळ करतो.

पडलेलें यंत्र उचलण्यापूर्वीं पेट्रोलची तोटी बंद करावी. उचलल्यावर पांच मिनिटें थांबून, मूठ पूर्ण उघडी ठेवून चार-सहा किक माराव्या. सांडलेलें पेट्रोल इंजिनांतून निघून जातें व मग तें सुरू होतें.

उतरण

कांहीं वर्षांपूर्वीं रोहिणी संपून मृग लागतांना आम्ही माळावरच्या शेतांत युरियाची गोणी पोंचवून रिकामे परत येत होतों. चढ नीट पार पडला होता. मनांत कसलेंही भय नव्हतें. उतार लागतांच नेहमींच्या संवयीनें आम्हीं यंत्र न्यूट्रल करून इंजिन बंद केलें. आदल्या रात्रीं सर पडली होती. तिनें मुरुमांतील बारीक माती धुवून वर नुसते गोल खडे ठेवले होते. निम्म्या उतारावर वेग वाढला, मागचा ब्रेक तापून सैल पडला, आणि वळणावर आम्हीं घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचें चाक सरकलें. हंसळीचें हाड मोडून सहा आठवडे हात गळ्यांत बांधून बसावें लागलें, आणि ऐन वाफशांतली पेरणी मजुरांची वाट पाहत बारा दिवस लांबली. त्या उतारावर वांचलेलें पेट्रोल फार तर तीन-चार रुपयांचें असेल. त्या वर्षीं सोयाबीनच्या उताऱ्यांत काय गेलें याचा हिशेब आम्हीं पुढें केला, पण तो येथें देण्यासारखा नाहीं.

या चुकीचें कारण आम्हांस मागाहून समजलें. २०० किलोचें ओझें साठ मीटर उंचीवरून खालीं येतांना त्याची शक्ति कोठेंतरी जिरावी लागते. ती सर्व ब्रेकांतच जिरवली, तर एक लिटर पाणी सुमारें २८ अंशांनीं तापेल इतकी उष्णता उत्पन्न होते; आणि ब्रेकाचा धातु पाण्यापेक्षां कितीतरी अधिक तापतो. तापलेल्या पट्ट्यांची पकड जाते. यंत्र गिअरांत असतें तर ही शक्ति इंजिनानेंच बरीचशी खाल्ली असती. म्हणून नियम असा: ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरावें. इंजिन चालू, क्लच सोडलेला, मूठ मिटलेली. आणि मधून मधून मागच्या ब्रेकाचा आधार. पुढचा ब्रेक अगदींच वर्ज्य नाहीं. उतारावर त्याचा उपयोग मोठा आहे. पण तो चाक सरळ असतां, घट्ट जमिनीवर, दोन बोटांनीं हलकेच दाबावा. वळणावर व मोकळ्या खड्यांवर नव्हे.

टू-स्ट्रोक यंत्रास येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. मूठ मिटून लांब उतार उतरतांना त्याच्या इंजिनांत पेट्रोल अगदीं थोडें जातें, आणि पेट्रोलाबरोबरच तेलही. इंजिन तर वेगानें फिरत असतें. तेव्हां दर थोड्या अंतरावर क्लच दाबून मूठ क्षणभर उघडावी, म्हणजे पिस्टनास वंगण मिळत राहील.

पाणी आणि काळी माती

मुरुमाची वाट पावसानंतर अर्ध्या दिवसांत सुकते. काळी माती सुकत नाहीं. ती पाणी पिऊन फुगते, चाकास चिकटते, आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्यें इतकी घट्ट बसते कीं चाक फिरेनासें होतें. अशा वेळीं मूठ पिळून क्लच जाळण्यांत अर्थ नाहीं. काठीनें माती खरडावी किंवा यंत्र तेथेंच ठेवून पायीं जावें. कुळव धरण्यापूर्वीं आपण जमिनीला वाफसा येण्याची वाट पाहतों. वाटेलाही वाफसा असतो. मुठींत धरलेली वाटेवरची माती बोटांस न चिकटतां भुगा होऊन सुटली, तर वाट चालण्याजोगी झाली.

ओढ्याला पाणी असेल तर आधीं पायीं उतरून पाहावें. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल, किंवा तें गुडघ्यास ओढ देत असेल, तर यंत्र घालूं नये. डोंगरांतला ओढा वरच्या पावसानें डोळ्यांदेखत चढतो. पाणी ओलांडल्यावर ब्रेक ओले होऊन लागेनासे होतात. कांहीं अंतर ते हलकेच दाबून चालावें म्हणजे सुकतात.

वाटेची काळजी

स्वार कितीही निपुण असला तरी वाहून गेलेल्या वाटेवर त्याचें कांहीं चालत नाहीं. कच्ची वाट चाकांनीं थोडी व पाण्यानें फार मोडते. चढाच्या वाटेवर पावसाचें पाणी चाकोरींतून वाहूं लागलें कीं एकाच हंगामांत तिचा नाला होतो. यास उपाय सोपा आहे. डोंगराच्या अंगास एक नाली धरावी, आणि उभ्या चढावर दर पंधरा-वीस हातांवर दगडांची एक बुटकी तिरपी ओळ मातींत पुरावी, म्हणजे पाणी चाकोरी सोडून बाजूस जातें. वैशाखांत चार शेजारी एक दिवस लागले तर अर्ध्या कोसाच्या वाटेवरचे अवघड चढ नीट होतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. ग्रामपंचायतीमार्फत तिची चौकशी करावी. वाटेवरून तंटा असेल तर बांधावरून वाट मागण्याचा अर्ज १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खालीं, व असलेली वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालीं, तहसीलदारांकडे करतां येतो. मात्र ज्या शेजाऱ्याशीं वाटेसाठीं भांडावें, बहुधा त्याच्याच हातांनीं पडलेलें यंत्र उचलावें लागतें, हेंही विसरूं नये.

जुन्या यंत्राची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व पुढें पांच पांच वर्षांची करून घ्यावी लागते; विमाही चालू ठेवावा. शेताच्या वाटेवर कोण विचारतो, असें म्हणून या गोष्टी पुष्कळ लोक टाळतात. दुखापत झाल्यावर मात्र त्या पहिल्यानें विचारल्या जातात.

येथवर सांगितलेल्या गोष्टींत नवें असें फारसें नाहीं. आमच्या वडिलांच्या पिढीनें घाटांत गाडी हांकतांना ओझें वांटून घातलें, माणसें उतरविलीं, उतारावर चाकाला आडणी लावली आणि पाऊस उघडण्याची वाट पाहिली. यंत्र बदललें, डोंगर, माती आणि उतार तेच आहेत. आपल्या घरचा जो मुलगा उद्यां जुनी मोटारसायकल घेऊन माळावर जाणार असेल, त्याला ती सुरू करण्यास शिकविण्यापूर्वीं थांबण्यास शिकवावें. बैलाला जें उपजत कळतें तें यंत्राला कोणीही शिकवूं शकत नाहीं. तें मुलाला शिकवितां येतें.